मौनाच्या दिवशी हलवलेली मान

सासूबाईंनी माझ्या पानात भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि म्हणाल्या, “मंगळवारची गाडी आसा. भाच्यान तिकीट काढलां.”

मी घास हातात तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. कुठली गाडी, कोणाचं तिकीट, काही कळेना. विचारायचं तर विचारता येत नव्हतं. रविवार होता, दुपारी चारला मुलुंडला प्रयोग होता, आणि प्रयोगाच्या दिवशी मी सकाळपासून तोंडातून शब्द काढत नसे.

हे आधी सांगायला हवं. मी संगीत नाटकात गायची. गाणं आणि नाटक एकत्र, नायिका बोलता बोलता गायला लागते आणि पुन्हा बोलायला लागते. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ बोटीवर नोकरीला होते. ते पाहुण्यांशी माझी ओळख “ह्या ऑपेरा सिंगर आहेत” अशी करून देत. पाहुणे माझ्या हातातल्या रॉकेलच्या डब्याकडे बघत आणि मान डोलावत. ऐंशीच्या दशकात संगीत नाटकाला तशीही उतरती कळा लागली होती. लोक व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून घरी बघत होते. तरी मुंबईत महिन्याला चार-पाच प्रयोग व्हायचे आणि थंडीत बाहेरगावी दौरा निघायचा.

गवयाचा गळा गाण्याने जितका थकतो, त्याहून जास्त बोलण्याने थकतो. भाजीवाल्याशी घासाघीस, पोरीवर ओरडणं, शेजारणीला जिन्यातून हाक मारणं, यात सकाळभरात आवाजाची वाट लागते. म्हणून माझ्या गुरुजींनी मला लग्नाआधीच सवय लावली होती. प्रयोगाच्या दिवशी मौन. संध्याकाळी पहिला शब्द बोलायचा तो स्टेजवर. माहेरी मिरजेकडे हे सोपं होतं, मागे आई होती. अंधेरीत दोन खोल्यांत, डोक्यावरून विमानं जात असताना, पाच वर्षांची मुलगी पदराला धरून असताना मौन पाळायचं म्हणजे दिवसभर मूकनाट्यच करायचं. माझ्या मुलीला, मनूला, बोलायच्या आधी खुणा यायला लागल्या होत्या. वाटीवर चमचा एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. दारावर येणाऱ्या कोळणीला बरेच दिवस वाटत होतं की या घरची सून मुकी आहे. एकदा तिने मला बोलताना ऐकलं तेव्हा ती टोपली खाली ठेवून बघतच राहिली.

तर त्या रविवारी मी वाटीवर दोनदा चमचा वाजवला. सासूबाईंनी लक्ष दिलं नाही.

“माझ्या भैणीकडे जातंय,” त्या म्हणाल्या. “शिमगो झालो काय येतंय.”

तेव्हा नुकती दिवाळी होऊन गेली होती. शिमग्याला चार महिने होते. आणि त्याच मंगळवारी आमच्या कंपनीचा ट्रक विदर्भाच्या दौऱ्यावर निघणार होता. सामान ट्रकमध्ये, आम्ही बसमध्ये, तीन आठवडे. मनूची शाळा सुरू होती. आमचे हे औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंग सुपरवायझर, त्यांच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलायच्या. सेकंड शिफ्ट असली की दुपारी जाऊन रात्री यायचे. नाइट असली की दिवसा झोपायचे. मनूला शाळेतून आणणं, जेवू घालणं, झोपवणं हे सगळं सासूबाई करत. त्या गेल्या तर माझा दौरा गेला, इतका सरळ हिशेब होता.

मी हातवारे केले. दौरा, बस, मंगळवार, मनू. सगळ्या खुणा केल्या. सासूबाई शांतपणे लोणच्याची बरणी बंद करत होत्या.

“मी तुका सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “दोनदा सांगितलंय. तू मान हलवलंस.”

आणि मला आठवलं. गणपतीनंतर एका प्रयोगाच्या सकाळी त्या गावाचं, बहिणीचं काहीतरी बोलत होत्या. मी इस्त्री करत होते, मनात तिसऱ्या अंकातलं पद चाललं होतं, आणि मी मान हलवली होती. नवरात्रात पुन्हा एकदा तसंच. मौनाच्या दिवशी माझी मान सतत हलत असे. “ऐकलं, उद्या बोलू,” एवढाच तिचा अर्थ. उद्या उजाडला की मी बारा वाजेपर्यंत झोपल्यासारखी असायची आणि बोलायचं राहून जायचं. त्यांनी मात्र ती मान परवानगी म्हणून धरली होती, आणि दिवाळीला आलेल्या भाच्याला तिकीट काढायला सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

माझा तोल गेला. गुरुजींची शिकवण, गळा, मुलुंड, सगळं बाजूला राहिलं आणि मी ओरडले. “आई, असं कसं करता तुम्ही? प्रयोगाच्या दिवशीच का सांगता मला?”

मनू पाटीवर चित्र काढत होती. तिने दचकून वर पाहिलं. “आई, आज बोलायचं नाही ना?”

सासूबाई अजिबात दचकल्या नाहीत. “इतर दिवशी तू बोलतंस, मी आयकतंय,” त्या म्हणाल्या. “आज झील, उद्या शाळा, परवा तुझी प्रॅक्टिस. ह्या एका दिवशी माझा कोणतरी आयकता.”

झील म्हणजे त्यांचा मुलगा, आमचे हे. ते मोरीत दाढी करत होते. आरशातून त्यांनी सगळं पाहिलं आणि दाढी चालू ठेवली. मी त्यांच्याकडे गेले. आता बोललेच होते, तर म्हटलं पुरतं बोलून घेऊ.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तिकिटाचं माहीत होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं तुमचं दोघींचं ठरलंय.”

“मनूला कोण बघणार?”

“तेच मी विचारणार होतो.”

“तुम्ही जनरल शिफ्ट मागा ना तीन आठवडे.”

“कोण देणार? बायको नाटकात गेली म्हणून? मॅनेजर हसेल तोंडावर.” मग म्हणाले, “दौरा सोड असं मी म्हणणार नाही. उद्या तूच म्हणशील की मी सोडायला लावला.”

फार सज्जन माणूस. पण सज्जनपणाचा त्या घटकेला काडीचा उपयोग नव्हता. मी साडीच्या पिशव्या उचलल्या आणि निघाले. रिक्षात बसल्यावर गळ्याशी हात गेला. ओरडण्याने आत काहीतरी खरखरत होतं.

मुलुंडचा प्रयोग एका शाळेच्या पटांगणात होता. मांडव, लाकडी स्टेज, वर्गात मेकअप रूम, बाकांवर दागिन्यांचे ट्रे. आमचे मालक बापू फळ्यासमोर बसून रंगपेटी उघडत होते. बापू मालकही आणि नटही, नाटकात माझ्या बापाचं काम करत. मी त्यांना सगळं सांगितलं. मी प्रयोगाआधी बोलते आहे हे बघूनच त्यांचा चेहरा पडला.

“दौरा पुढे नेता येईल का, बापू?”

“कसा नेऊ? तिकडच्या कंत्राटदाराने मांडव घातलाय.” कंत्राटदार म्हणजे आमचे प्रयोग एकरकमी विकत घेऊन गावात लावणारा माणूस. “पोस्टरवर तुझं नाव आहे. पोरीला घेऊन चल.”

“मागे नेली होती. पेटाऱ्यावर झोपून झोपून पोर आजारी पडली. आता शाळा आहे.”

“मग आई थांबतील का विचार.”

“त्यांचं तिकीट काढून झालंय.”

बापूंनी कपाळाला रंग लावला आणि आरशातच माझ्याकडे पाहून म्हणाले, “मग वंदना जाईल. दुसरा इलाज नाही माझ्याकडे.”

वंदना माझी डबल होती. डबल म्हणजे काय ते सांगते. संगीत नाटकात मुख्य गाणाऱ्या नटीला सर्दी झाली तर प्रयोग कोणाच्या भरवशावर करायचा? म्हणून प्रत्येक मोठ्या भूमिकेसाठी दुसरं माणूस तयार ठेवतात. त्याची सगळी पदं बसवलेली, संवाद पाठ, कपडे मापाचे. एरवी ते माणूस सखी, दासी असलं काहीतरी करतं. वंदना घाटकोपरची, बावीस-तेवीस वर्षांची. दिवसा एका ऑफिसात टायपिस्ट, प्रयोगाला सखी नंबर दोन. तीन वर्षं ती माझी डबल होती आणि तीन वर्षांत तिने माझी भूमिका एकदाही केली नव्हती.

ते तिच्या कमतरतेमुळे नव्हे. आमच्या धंद्याचा तो अलिखित नियमच होता. डबलला स्टेज दाखवायचं नाही. ताप असला तरी उभं राहायचं, पाचवा महिना असला तरी साडी जरा सैल नेसायची. मी हे दोन्ही केलं होतं. कारण डबल एकदा चांगली गायली की मालकाच्या मनात येतं, आणि एकदा मनात आलं की जात नाही. बापू माणूस रोखठोक. ते मला म्हणालेच, “हे बघ शालू, तीन आठवडे जी गाईल, तिच्या तोंडात ती पदं बसतील. परत आल्यावर काय होईल ते मी आज सांगत नाही.”

वंदना शेजारच्या बाकावर गजरे मोकळे करत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

ऑर्गनवर आमचे जुने साथीदार, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “आज अर्धा सूर खाली घ्या.” माझी नेहमीची पट्टी काळी चार. पट्टी म्हणजे पेटीवरची ज्या पट्टीला सा धरून आपण गातो ती. अर्धा सूर खाली म्हणजे पांढरी पाच. प्रेक्षकांना फरक कळत नाही, गळ्याला मात्र चढावर एक पायरी कमी पडते.

“भांडलीस का?” मास्तरांनी विचारलं.

“कशावरून?”

“घरून भांडून आलेल्या बायका अर्धा सूर मागतात. सर्दी झालेल्या पूर्ण मागतात.”

मला हसू आलं नाही. त्यांनी पट्टी बदलली.

पहिला अंक निघून गेला. दुसराही रेटला. तिसऱ्या अंकात नायिका बापाच्या घरून कायमची निघते तेव्हाचं पद होतं. संथ, लांब, आणि शेवटच्या ओळीला आवाज वर जाऊन तिथे थांबवायचा. पांढरी पाचमध्ये मी ते कसंबसं निभावलं. टाळ्या पडल्या आणि मांडवाच्या मागून आवाज आला, “वन्स मोअर.”

वन्स मोअर हा आमच्या नाटकाचा जुना रिवाज. पद आवडलं की प्रेक्षक ओरडतात आणि नटीला ते पुन्हा गावं लागतं. नाटक तिथे थांबतं. मेलेला माणूससुद्धा पडल्या जागी पद संपेपर्यंत श्वास रोखून धरतो. नको म्हणायची सोय नाही, तो अपमान धरतात. एरवी मी वन्स मोअरची वाट बघायची. त्या दिवशी मला ते ऐकून रडू यायचं बाकी राहिलं.

मास्तरांनी सूर धरला. मी पुन्हा सुरू केलं. विंगेत, पडद्याच्या कडेला, वंदना उभी होती. सखी नंबर दोनचं काम कधीच संपलं होतं, पण ती रोज या पदाला तिथे उभी राहायची आणि ओठ हलवत माझ्याबरोबर गायची, बिनआवाजाची. इतके दिवस मला त्याचा राग यायचा. त्या दिवशी मी तिच्या ओठांकडे बघत गायले, कारण दुसऱ्या ओळीला माझं लक्ष उडालं होतं आणि शब्द पुढे काय आहेत ते मला तिच्या तोंडावरून कळत होतं.

शेवटच्या ओळीला आवाज वर गेला आणि फाटला. म्हणजे मध्येच दुभंगला, सूर निघायच्या जागी नुसती हवा आली. मी तोंड पदरात लपवलं आणि खांदे हलवले. नायिका हुंदके देते आहे. मास्तरांनी ऑर्गनवर तो सूर धरून ठेवला आणि माझी जागा भरून काढली. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट गाणं मी गायले, आणि त्याला इतकी दाद मिळाली. ते खांदे काही सगळे अभिनयाचे नव्हते.

प्रयोगानंतर मी वर्गात बाकावर बसून पिना काढत होते. वंदनाने गरम पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“दौऱ्यावर तुम्ही जाणार असाल तर झकास. मी गजरे बांधीन. पण नसाल जाणार, तर आज सांगा ना. मला ऑफिसात रजा टाकायला लागेल. ऐन वेळी नाही मिळत हो.”

“घाई आहे तुला फार.”

मी टोचून बोलले. ती गप्प राहील असं मला वाटलं होतं. पण पोरगी घाटकोपरची.

“घाई कसली, तीन वर्षं झाली,” ती म्हणाली. “दर प्रयोगाला सगळी तयारी करून येते आणि घरी जाते. आईने तर विचारायचंच सोडलं. कधी कधी वाटतं, माझा आवाज कसा आहे ते मलाच माहीत नाही. तुमच्यासारखं दमायला तरी मिळू दे ना एकदा.”

मी तिच्याकडे बघितलं. तिला खरंच दमायचं होतं. आणि मला त्या क्षणी, खरं सांगायचं तर, कोणीतरी माझी साडी नेसून माझ्या जागी अंधेरीला जावं, स्टो पेटवावा, मनूचा गृहपाठ घ्यावा, आणि मी या बाकावर आडवी होऊन झोपावं, याखेरीज काही नको होतं. असा डबल कोणी ठेवला नव्हता.

“उद्या सकाळी सांगते,” मी म्हटलं. “रजेचा अर्ज मात्र लिहून ठेव.”

घरी पोचले तेव्हा टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा चालू होता. मनू आणि हे शेजाऱ्यांकडे बघायला गेले होते, आमच्याकडे टीव्ही नव्हता. सासूबाई एकट्याच आतल्या खोलीत होत्या. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडी होती. तीन लुगडी, एक शाल, बहिणीसाठी घेतलेली स्टीलची पातेली. मला बघून त्या उठल्या.

“बस. पान घेतंय,” त्या म्हणाल्या.

“नको आई. तुम्ही बसा.”

“थंड होताला जेवण.”

“होऊ दे. मला सांगा, बहिणीकडे काय आहे? कोणी आजारी आहे का? काही झालंय का?”

“काय होवचा आसा?” त्या ट्रंकेच्या कडेला बसल्या. “कायएक नाय. ती वाढतली आणि मी जेवतलंय. इतक्यासाठी जातंय.”

मी ट्रंकेशेजारी खाली बसले. आवाज फारसा उरला नव्हता.

“तू गाण्याक जातंस. झील कामाक जाता. चेडू शाळेत जाता. मी खंय जातंय?” आवाज चढवून नव्हे, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. “ह्या घरात इल्यापासून सगळ्यांका मीच वाढतंय. माका कोणी वाढलां नाय. दमलंय गो मी.”

दमण्याचं भांडवल आजवर आमच्या घरात माझ्या एकटीचं होतं. प्रयोग, तालमी, रियाज, त्यात विमान गेलं की सूर सोडून थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचं. मी दमते हे सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे ते मानतही होते. सासूबाई दमतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा सांगितलं होतं आणि मी दोनदा मान हलवली होती.

मला रडू आलं. त्यांच्यासाठी आलं असं म्हणायला आवडलं असतं. पण जास्त माझ्या दौऱ्यासाठीच आलं. दौरा गेला हे मला तिथे ट्रंकेशेजारी कळलं, आणि भूमिकाही बहुतेक गेली हेसुद्धा. त्या बाईला थांबा म्हणायला माझं तोंड उघडेना.

मी उठले, पान घेतलं, भात गरम केला आणि त्यांना वाढला. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ह्या काय?” म्हणाल्या. मग जेवायला बसल्या.

थोड्या वेळाने म्हणाल्या, “आमटी आळणी झाली हा.”

ती त्यांनीच केली होती.

सोमवारी सकाळी खालच्या वाण्याच्या दुकानातून मी बापूंना फोन केला. “वंदनाला न्या,” म्हटलं. पलीकडून ते म्हणाले, “तुला कळतंय ना काय करते आहेस?” मी म्हटलं, कळतंय. वाण्यासमोर मला जास्त बोलायचं नव्हतं. दुपारी वंदना ऑफिसातून परस्पर आली, आणि दोन तास बसून मी तिला त्या तिसऱ्या अंकातल्या पदाच्या शेवटच्या ओळीला श्वास कुठे घ्यायचा ते दाखवलं. ते मी तीन वर्षांत तिला दाखवलं नव्हतं. तिचा आवाज तिथे सहज गेला. मी “बरंय” म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

मंगळवारी बोरिवलीच्या स्टँडवर आम्ही सासूबाईंना गाडीत बसवलं. खिडकीशी जागा मिळाली म्हणून त्या खूश होत्या. मनू रडायला लागली तेव्हा त्यांनी तिला खाऊ दिला आणि मला म्हणाल्या, “चेडवाक ओरडा नको. गळो जाताला तुझो.” त्याच सुमारास दादरहून कंपनीची बस निघत असणार. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

पुढचे तीन आठवडे मी घरी होते. ते दिवस विश्रांतीत गेले असं कोणी म्हणेल तर त्याने पाच वर्षांची मुलगी, नळाला पाणी यायची वेळ आणि शिफ्ट बदलणारा नवरा एकदा सांभाळून बघावा. तिसऱ्या दिवशी मला कळलं की सासूबाई नक्की काय काय करत होत्या. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. यांनी शेवटी मॅनेजरकडे जनरल शिफ्ट मागितली. मॅनेजर हसला, आणि दिली. “विचारलं असतं तर आधीच मिळाली असती,” हे म्हणाले. मी त्यावर काही बोलले नाही, त्या दिवशी मौनही नव्हतं.

अमरावतीहून वाण्याकडे वंदनाचा फोन आला. ट्रंक कॉल, तीन मिनिटांत सगळं सांगायचं. “ताई, तिसऱ्या अंकाला वन्स मोअर पडला. दोनदा.” मी म्हटलं, छान. “तुम्ही सांगितलेल्या जागीच श्वास घेतला हो.” मी पुन्हा छान म्हटलं. वर आले, कुकर लावला, आणि शिट्ट्या होईस्तोवर ओट्याला टेकून रडून घेतलं. मला तिचं कौतुक वाटलं असं मी नंतर लोकांना सांगत आले. ते महिनाभराने वाटलं. त्या दिवशी नुसतं पोटात दुखलं.

दौऱ्यावरून परत आल्यावर बापूंनी मला बोलावून घेतलं. त्यांनी वाटणी केली होती. मुंबईचे प्रयोग मी करायचे, बाहेरगावचे वंदनाने. “तुझं नाव आहे इथे,” ते म्हणाले. पण पुढे मुंबईचे प्रयोग कमी कमी होत गेले आणि बाहेरगावचे टिकले. तीन-चार वर्षांत ती भूमिका वंदनाची झाली. पोस्टरवर माझं नाव खाली आलं, मग गेलं. मी घरी शिकवण्या सुरू केल्या. आवाज टिकला, अजून आहे. त्या सालचा दौरा केला असता तर काय झालं असतं, हा विचार मी पुष्कळ वर्षं केला. आता करत नाही, दम लागतो.

सासूबाई शिमगा झाल्यावर सांगितल्याप्रमाणे परत आल्या. अंगाने भरल्या होत्या. दारात चपला काढता काढता म्हणाल्या, “पुढच्या वर्साक पण जातलंय.” मी तोंडाने, मोठ्याने, सगळ्यांसमोर “हो” म्हटलं. त्यानंतर दरवर्षी दिवाळी ते शिमगा त्या बहिणीकडे राहत. त्या काळात मी प्रयोग कमी घेई आणि हे जनरल शिफ्ट करत. त्या वारल्या तेव्हाही बहिणीकडेच होत्या. बहीण म्हणाली, दुपारी पोटभर जेवल्या, मागून दोनदा भात घेतला, आणि आडव्या झाल्या.

आता माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली नोकऱ्या करतात, त्यांनाही घर आहे, लेकरं आहेत. त्या विचारतात, बाई, कार्यक्रमाच्या दिवशी मौन पाळायचं का? मी म्हणते, जरूर पाळा, गळ्याला चांगलं असतं. फक्त त्या दिवशी घरात कोणी काही बोललं तर मान हलवू नका.